रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पण तापाचा दिवस कितवा?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ फार झाले होते ते काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत, आज डेंग्यू. हो, डेंग्यू. आता तुम्ही म्हणाल, हा बीटेकवाला डॉक्टर कधी झाला. नाही झालो. उपचार काय घ्यायचे ते मी सांगणारच नाहीये, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. मी फक्त एका रिपोर्टबद्दल बोलणार आहे, जो मी चुकीचा वाचला. आणि रिपोर्ट वाचणं, लॉग वाचणं, आउटपुटवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवणं, हे तर माझं रोजचं काम आहे. म्हणूनच जास्त लागलं मनाला.

झालं असं. माझा धाकटा भाऊ पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत चौघं, बाहेर गॅलरीत पाण्याची पिंपं, झाकण एकावर आहे, दोनांवर नाही. मी राहतो वाकडला. म्हणजे एकाच शहरात राहून आठवड्यातून एकदा भेट. गेल्या सप्टेंबरमध्ये एका सोमवारी त्याचा मेसेज, ‘दादा, काल रात्रीपासून ताप आहे, डोळ्यांच्या मागे दुखतंय.’ मी म्हटलं, रक्त तपासून घे. तो जवळच्या एका लॅबमध्ये गेला, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. डेंग्यू आयजीएम, निगेटिव्ह. डेंग्यू आयजीजी, निगेटिव्ह. प्लेटलेट्स १ लाख ७० हजार.

मी मीटिंगमध्ये होतो. म्यूट करून पीडीएफ उघडली, दोन ठिकाणी ‘निगेटिव्ह’ वाचलं आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं, ‘डेंग्यू नाहीये, व्हायरल आहे.’ गावाकडे आईच्या जिवात जीव आला. भाऊही निवांत. पूर्वपरीक्षा तोंडावर, त्यानं ताप अंगावर काढला. अंग फार दुखतं म्हणून मेडिकलमधून गोळी आणली, आयब्युप्रोफेन असलेली. गुरुवारी सकाळी ताप उतरला. त्यानं अंगठा पाठवला, मी अंगठा पाठवला, आणि तो अभ्यासिकेत जाऊन बसला.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता त्याच्या रूममेटचा फोन. पोट प्रचंड दुखतंय, चार उलट्या झाल्यात, उभा राहिला की चक्कर येतेय. वाकडवरून नवी पेठेत सात वाजता पोहोचायचं म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. त्या पोरांनीच त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. मी पोहोचलो तेव्हा सलाईन लागलेली होती. ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडमना मी मोबाईलवर तीच पीडीएफ दाखवली. म्हटलं, “मॅडम, डेंग्यू निगेटिव्ह आहे याचा.” त्यांनी रिपोर्टकडे नीट पाहिलंही नाही. विचारलं, “ही टेस्ट तापाच्या कितव्या दिवशी केली?”

मी म्हटलं, “दुसऱ्या.”

“मग यात काय दिसणार होतं?”

आजचा भाग या एका वाक्याबद्दल आहे.

बघा, सर्वांत आधी हे समजून घेऊ की त्या टेस्टनं नेमकं शोधलं काय. आपल्याला वाटतं डेंग्यूची टेस्ट म्हणजे डेंग्यूचा विषाणू शोधणारी टेस्ट. भावाची टेस्ट तशी नव्हती. ती अँटीबॉडी शोधत होती. अँटीबॉडी, मराठीत प्रतिपिंडं, म्हणजे विषाणू आल्यावर आपल्या शरीरानं तयार केलेली प्रथिनं. विषाणू हा सर्व्हरवर घुसलेला माणूस, तर अँटीबॉडी ही आपल्या सिस्टिमनं त्याच्याबद्दल लिहिलेली लॉग एंट्री. माणूस घुसतो पहिल्या दिवशी. एंट्री लिहिली जाते चार-पाच दिवसांनी. दुसऱ्या दिवशी लॉग उघडलात आणि रिकामा दिसला तर ‘कोणी आलंच नाही’ असा अर्थ कुठला इंजिनिअर काढेल? मी काढला.

आता दोन प्रकारच्या एंट्र्या. आयजीएम ही पहिली धावून येणारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत आकडे स्पष्ट दिलेत: आजार सुरू झाल्यापासून तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत साधारण ५० टक्के रुग्णांत आयजीएम सापडते, पाचव्या दिवसापर्यंत ८० टक्क्यांत, आणि दहाव्या दिवसापर्यंत ९९ टक्क्यांत. म्हणजे तीच टेस्ट, तेच किट, तोच पेशंट, फक्त दिवस बदलला की उत्तर बदलतं. आयजीएम साधारण दोन आठवड्यांनी सर्वांत जास्त होते आणि मग दोन-तीन महिन्यांत हळूहळू ओसरते. दुसरी आयजीजी. डेंग्यू पहिल्यांदाच झाला असेल तर ती पहिल्या आठवड्याच्या शेवटी थोडीशी दिसायला लागते, सावकाश वाढते आणि मग वर्षानुवर्षं, बहुधा आयुष्यभर राहते.

मग पहिल्या चार-पाच दिवसांत शोधायचं काय? एनएस-१. हे विषाणूचंच एक प्रथिन, संसर्ग झालेल्या पेशींतून रक्तात सुटतं. तापाच्या पहिल्या दिवसापासून सापडू शकतं, साधारण पाचव्या दिवसापर्यंत त्याचा चांगला उपयोग. म्हणून आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात ढोबळ नियम असा आहे की पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ एलायझा आणि त्यानंतर आयजीएम एलायझा. भावाच्या रिपोर्टवर एनएस-१ नव्हतंच. लॅबनं फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यानं काउंटरवर ‘डेंग्यूची टेस्ट’ एवढंच सांगितलं, त्यांनी त्यांच्याकडचं स्वस्तातलं कार्ड लावलं. तापाचा दिवस कोणी विचारला नाही, यानं सांगितला नाही.

या ‘कार्ड’ आणि ‘एलायझा’मध्येही फरक आहे. कार्ड म्हणजे कोविडच्या वेळी आपण घरी करायचो तसली पट्टी. रक्ताचा थेंब, वर द्रावण, १५-२० मिनिटांत रेघा. रेघ पुसट असली की लॅबमधला एक जण म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही. एलायझाचं काम वेगळं. ९६ खळग्यांची प्लॅस्टिकची प्लेट असते. आयजीएमसाठी जी वापरतात तिला मॅक-एलायझा म्हणतात. खळग्याच्या तळाला माणसाची कुठलीही आयजीएम पकडून ठेवणारा थर. त्यात पेशंटचं सीरम टाकलं की त्याच्या आयजीएम तिथे चिकटतात, मग त्या डेंग्यूच्या आहेत की आणखी कशाच्या. मग वरून डेंग्यूचं अँटीजन सोडायचं. पकडलेल्या आयजीएम डेंग्यूच्या असतील तर त्याच ते धरून ठेवतील, नाहीतर धुताना वाहून जाईल. शेवटी रंग येणारं रसायन. रंग किती गडद आहे ते डोळ्यांनी नाही, मशीननं मोजायचं आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कंट्रोलशी ताडून बघायचं. याला काही तास लागतात, आणि प्लेट भरेल इतके नमुने जमल्यावर लावतात, म्हणून रिपोर्ट बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी.

पुणेकरांसाठी एक अभिमानाची गोष्ट. देशभरातल्या सरकारी सेंटिनल रुग्णालयांना डेंग्यूच्या आयजीएम मॅक-एलायझाची किट्स जातात ती आपल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, एनआयव्हीनं तयार केलेली. १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेली हीच ती संस्था. आणि सरकारी हिशेबात नुसत्या रॅपिड कार्डवरचा पॉझिटिव्ह हा ‘संशयित’पेक्षा जरा वरचा, ‘संभाव्य’ रुग्ण धरतात. पक्का रुग्ण एलायझानंतर. आपल्या सोसायटीत दहा जणांना डेंग्यू आणि पेपरात अख्ख्या वॉर्डात चार, असं का दिसतं याचं एक कारण हे आहे. एकमेव नाही म्हणत मी, पण आहे.

बरं, हॉस्पिटलमध्ये परत येऊ. मॅडमनी त्या रात्री नवा नमुना पाठवला, तापाचा पाचवा दिवस. माझी अपेक्षा सरळ होती: आता एनएस-१ पॉझिटिव्ह येईल. आलं काय? एनएस-१ निगेटिव्ह. आयजीएम जेमतेम पॉझिटिव्ह. आणि आयजीजी सणसणीत पॉझिटिव्ह.

मी चक्रावलो. आयजीजी तर सावकाश वाढणारी, जुनी आठवण ठेवणारी. ती पाचव्या दिवशी एवढी कुठून आली? मॅडमनी आईला फोनवर विचारलं, “याला आधी कधी असा ताप आला होता का?” आई म्हणाली, दहावीत असताना. आठ दिवस ताप, अंगावर पुरळ, गावातल्या दवाखान्यात सलाईन लावली, ‘पेशी कमी झाल्यात’ म्हणाले होते, बरा झाला. टेस्ट? कसली टेस्ट.

म्हणजे हा बहुधा त्याचा दुसरा डेंग्यू. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एक होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळतं, पण बाकी तिघांविरुद्ध फार थोडे दिवस. दुसऱ्या वेळी वेगळा प्रकार आला की शरीर जुन्याच फायली काढून बसतं. आयजीजी चौथ्या-पाचव्या दिवशीच भसाभस वाढते, नवी आयजीएम मात्र कमी बनते, काही जणांत तर सापडतच नाही. आणि रक्तात आधीच असलेल्या अँटीबॉडी एनएस-१ ला चिकटतात, त्यामुळे तेही लवकर दिसेनासं होतं. थोडक्यात दुसऱ्या डेंग्यूत आपण ज्या दोन टेस्टवर सर्वांत जास्त भिस्त ठेवतो, त्या दोन्ही दगा देऊ शकतात. आणि त्रासाची गोष्ट अशी की गंभीर डेंग्यूचा धोका याच दुसऱ्या वेळी जास्त. जुन्या अँटीबॉडी नव्या प्रकाराला निकामी करू शकत नाहीत, उलट त्याला पेशींच्या आत शिरायला मदत करतात.

इथे कोणीतरी विचारेलच, मग दुसऱ्या दिवशीच्या कार्डवर जुनी आयजीजी का नाही दिसली? मीही विचारलं. काही कार्डांवर आयजीजीची मर्यादा मुद्दाम वर ठेवलेली असते. जुनी, मंद उरलेली आयजीजी दिसू नये, दुसऱ्या वेळची उसळी तेवढी दिसावी म्हणून. सगळ्या किट्समध्ये असं नसतं, म्हणून किट कुठलं तेही बघावं लागतं.

आणि असं ठेवण्याला कारण आहे. २०१७-१८ मध्ये आयसीएमआरनं १५ राज्यांत १२ हजारांवर लोकांचं रक्त तपासलं होतं, फक्त डेंग्यूच्या आयजीजीसाठी. ५ ते ४५ वयाच्या लोकांत ४८.७ टक्क्यांना आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. १८ ते ४५ या आपल्या वयोगटात ५६ टक्के! बहुतेकांना पत्ताही नसेल. म्हणजे साध्या सर्दीतापात तुमची नुसती आयजीजी तपासली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर ‘मला आत्ता डेंग्यू आहे’ असं ठरवू नका. लॉगमध्ये पाच वर्षांपूर्वीची एंट्री असेल ती.

आयजीएमचंही तेच, जरा कमी प्रमाणात. ती दोन-तीन महिने टिकते, मग ऑक्टोबरात आलेल्या तापात ऑगस्टच्या डेंग्यूची आयजीएम सापडू शकते. शिवाय डेंग्यूची भावंडं आहेत: झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल. एका घराण्यातले विषाणू, चेहरेपट्टी सारखी, त्यामुळे एकाच्या अँटीबॉडी दुसऱ्याच्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह दाखवू शकतात. झिका म्हणजे कुठलीतरी ब्राझीलची गोष्ट असं वाटत असेल तर २०२१ मध्ये महाराष्ट्रातला पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला होता, आणि २०२४ मध्ये तर पुणे शहरातच. २०२० मध्ये सिंगापूरमध्ये दोन रुग्णांची डेंग्यूची रॅपिड अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली, डेंग्यू समजून उपचार झाले, आणि निघाला कोविड. म्हणूनच एकच नमुना पुरावा म्हणून कच्चा धरतात. पक्कं करायचं तर आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन नमुने घ्यायचे, आणि दुसऱ्यात अँटीबॉडी चौपट वाढल्या का ते बघायचं. पुस्तकात हे छान वाटतं. प्रत्यक्षात बरा झालेला माणूस परत सुई टोचून घ्यायला जातोय कशाला!

आता थोडं गणित, कंटाळू नका. आकडे मी हिशेबापुरते घेतलेत, कुठल्याही किटचे नाहीत. समजा सप्टेंबर आहे आणि तापाच्या १००० लोकांत ४०० जणांना खरंच डेंग्यू आहे. सगळ्यांची दुसऱ्या दिवशी आयजीएम केली. त्या दिवशी ती १०० पैकी २०च जणांना पकडते असं धरू. म्हणजे ४०० पैकी ८० पॉझिटिव्ह, ३२० निसटले. ज्यांना डेंग्यू नाही त्या ६०० पैकी ५४० बरोबर निगेटिव्ह. एकूण निगेटिव्ह किती? ८६०. त्यातले ३२० डेंग्यूचे! हातात निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी जाणाऱ्या दर तिघांत एकाला डेंग्यू. आणि हेच फेब्रुवारीत करा, १००० मध्ये फक्त २० जणांना डेंग्यू, टेस्ट सहाव्या दिवशी केली, ती ८० टक्के पकडते. खरे पॉझिटिव्ह १६, आणि ९८० निरोगी-म्हणजे-डेंग्यू-नसलेल्यांपैकी दहा टक्के चुकून पॉझिटिव्ह, म्हणजे ९८. पॉझिटिव्ह रिपोर्टवाल्या ११४ जणांत खरे फक्त १६. कागदावर तोच शब्द, अर्थ महिन्यावर आणि दिवसावर.

डॉक्टर लोक हे गणित कागदावर करत नाहीत, पण डोक्यात असतं त्यांच्या. म्हणून मॅडमनी रिपोर्टच्या आधी पोट दाबून पाहिलं, बीपी पाहिलं, हिमॅटोक्रिट पाहिलं. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण. डेंग्यूत ताप उतरायच्या सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये, काही जणांच्या रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपायला लागतो. पाणी बाहेर गेलं की रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट चढतो. २४ ते ४८ तासांचा हा काळ सर्वांत नाजूक. आणि आम्ही दोघं भाऊ नेमके त्याच सकाळी एकमेकांना अंगठे पाठवत होतो.

दोन रात्री मी तिथल्या बाकड्यावर काढल्या. दर काही तासांनी रक्त घ्यायचे, सलाईनचा वेग कमी-जास्त करायचे. प्लेटलेट्स ३८ हजारांवर आल्या तेव्हा माझी पाचावर धारण बसली, मी रक्तपेढ्यांचे नंबर काढून बसलो. मॅडम म्हणाल्या, रक्तस्राव नाही, आत्ता प्लेटलेट्स चढवायची गरज नाही, तुम्ही झोपा. तोवर गावाकडून मामा पपईची पानं घेऊन निघाले होते आणि ऑफिसमधल्या एकानं किवीचा अख्खा बॉक्स पाठवला. किवी मीच खाल्ली. त्या आयब्युप्रोफेनच्या गोळ्यांबद्दल मात्र मॅडम चांगल्याच बोलल्या. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक असलं काही नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही सांगितलं असेल तेवढंच. त्यानं त्या गोळ्या घेतल्या कारण मी ‘डेंग्यू नाहीये’ असं लिहिलं होतं.

तो बरा आहे. पूर्वपरीक्षा बुडाली. त्याबद्दल तो मला काही बोलला नाही, आई बोलली.

तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो, जमलं तर तुम्हीही करा. ताप आला की मोबाईलच्या नोट्समध्ये तारीख आणि वेळ लिहायची. तो दिवस पहिला. आपण प्रोग्रॅमर शून्यापासून मोजतो, इथे नको. लॅबमध्ये ‘डेंग्यूची टेस्ट’ असं मोघम सांगायचं नाही. डॉक्टरांनी काय लिहिलंय, एनएस-१ की आयजीएम, कार्ड की एलायझा, ते बघायचं आणि तापाचा दिवस फॉर्मवर लिहायला लावायचा. सुरुवातीला निगेटिव्ह आलं आणि ताप चालूच आहे, तर डॉक्टरांना विचारायचं, पाचव्या-सहाव्या दिवसानंतर परत करायची का. आधी कधी डेंग्यू झाला असेल, नुसती शंका असेल, तरी आपण होऊन सांगायचं. आणि पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार गळून जाणं, खूप अस्वस्थ वाटणं, यातलं काही दिसलं तर रिपोर्टची वाटच बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. ताप उतरला असला तरी. खरं तर उतरला असेल तर जास्तच.

नवी पेठेतल्या त्या पिंपांवर आता तिन्ही झाकणं आहेत. पोरांनी वर्गणी काढली, मालकांनी नाही दिली. तुमच्या हॉस्टेलवर, पीजीवर काय परिस्थिती आहे ते व्हॉइस नोटमध्ये सांगा, आणि कोणाचे असे गोंधळात टाकणारे रिपोर्ट आले असतील तर तोही अनुभव पाठवा, नाव-नंबर झाकून. चला, पुढच्या गुरुवारी भेटू.